आज जागा नाही

गावातल्या पर्यटनाची यशोगाथा सांगायची झाली की पहिला आकडा येतो तो माणसांचा. सीझनला इतके हजार आले, शनिवार-रविवारी इतक्या गाड्या लागल्या, रांग पार फाट्यापर्यंत गेली. सरपंच अभिमानाने सांगतात, वर्तमानपत्रं छापतात, पुढाऱ्यांच्या भाषणात तोच आकडा आणखी फुगतो. मला त्याचं फारसं कौतुक वाटत नाही. गावातलं पर्यटन नीट चाललंय की नाही, हे मी दुसऱ्याच गोष्टीवरून ठरवते. शनिवारी सकाळी फोन येतो, "आम्ही बारा जण आहोत, रात्री पोचतोय." घरं भरलेली आहेत, विहिरीला पाणी बेताचं आहे. अशा वेळी "आज जागा नाही, पुढच्या आठवड्यात या" असं सांगायची ताकद त्या घरात आहे का? की घरच्यांनी ओसरीवर झोपून, शेजाऱ्यांकडून गाद्या मागून, टँकर बोलावून ते बारा जण घ्यायलाच हवेत, कारण नव्या खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता थकलाय?

या पुस्तकात कोकणातल्या, सह्याद्रीतल्या आणि देशावरच्या काही गावांची ओळख आहे. तिथे लोकांनी आपलं घर, शेत, किनारा किंवा रान पाहुण्यांसाठी खुलं केलं. वाचताना हा एक प्रश्न जवळ ठेवावा, अशी माझी विनंती आहे. निसर्ग जपला गेला का, पैसा गावात राहिला का, बायकांच्या हाती काही आलं का, हे सगळे प्रश्न फिरून शेवटी याच ठिकाणी येतात. ज्या गावाला नकार देता येतो, त्याला दर ठरवता येतो, नियम घालता येतात, मोसम संपला की दार लावून शेताकडे वळता येतं.

परक्या माणसाला घरात उतरवणं आपल्याकडे नवीन नाही. आषाढीच्या वाटेवरची गावं पिढ्यान्‌पिढ्या हजारोंना जेवू घालत आली आहेत. नरसोबाची वाडी, गणपतीपुळे अशा देवस्थानांच्या गावी पुजाऱ्याच्या घरी उतरायचं, त्याच्याच घरी पान वाढलेलं असायचं, निघताना यथाशक्ती काही ठेवायचं, ही रीत जुनीच. राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत रात्री-अपरात्री पोचलेल्या ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी मिळायची, तेव्हा 'होमस्टे' हा शब्द मराठीत यायचा होता. नवीन आहे ती गती. घरोघरी गाडी आली, रस्ते झाले, आणि एका रीलवर एखादा धबधबा आठवड्याभरात पंचक्रोशीबाहेर माहीत होऊ लागला. पूर्वी गावाला पाहुण्यांची सवय व्हायला वर्षं मिळायची. आता एक पावसाळाही मिळत नाही.

म्हणूनच ज्यांनी सावकाश सुरुवात केली त्यांच्याकडे आधी पाहू. वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे, पण आज बहुतेकांना ते कासवांमुळे ठाऊक असतं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे 2002 साली समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले कासवं कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, हे किनाऱ्यावरच्या माणसांना माहीत होतंच. ती अंडी काढून खायची, विकायची सवयही होती. माणसाने सोडली तर कुत्री आणि कोल्हे होतेच. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. पहाटे किनाऱ्यावर फेरी मारायची. मादी रात्री येऊन गेली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो, तो धरून घरटं शोधायचं, आणि कुत्र्यांच्या आधी पोचायचं. हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती अलगद काढून, जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तळाशी फुगीर असा खड्डा करून पुन्हा पुरायची. वाळूच्या उबेवर पुढे दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. ही फेरी मारणाऱ्याला तिथे 'कासवमित्र' म्हणतात.

पण रोज पहाटे उठून वाळू तुडवण्यात एखादा माणूस किती वर्षं रमेल? संरक्षणाचा पैसा बाहेरून येतो तोवर येतो, मग आटतो. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला तो या विचारातून. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यावेत, त्यांनी गावातल्या घरांत राहावं, जेवावं, आणि ते पैसे त्या घरांना मिळावेत. म्हणजे कासव जगलं तर गावाचा फायदा. गावात हॉटेल नव्हतं आणि ते बांधायची घाईही कुणी केली नाही. माजघरात गाद्या घातल्या, न्हाणीघर नीट केलं, संडास बांधले. घरोघरी दर सारखा ठेवण्याचा शहाणपणा दाखवला, नाहीतर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पन्नास रुपयांवरून वितुष्ट यायला वेळ लागत नाही. जेवण घरचंच आणि शाकाहारी: घावन, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, एखाद्या दिवशी उकडीचे मोदक.

महोत्सवाची खरी गंमत मात्र टोपलीत आहे. पिल्लं बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की त्या घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालून ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र ती उचलतो. दोरीपलीकडे माणसं दाटीवाटीने उभी असतात, पोरं बापाच्या खांद्यावर, मोबाइल सरसावलेले. टोपली उचलली आणि खाली मूठभर काळी-करडी पिल्लं वळवळताना दिसली तर एकच गलका होतो. मग ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे तेवढी वाळू त्यांना स्वतःच चालायला मिळते. पण पुष्कळदा टोपलीखाली नुसती वाळू असते. कासवमित्र शांतपणे सांगतो, "आज नाही निघाली. संध्याकाळी बघू." पुण्याहून सहा-सात तास गाडी हाकत आलेल्या गृहस्थाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. पैसे भरलेत, सुट्टी टाकलीय, आणि कासव दिसत नाही म्हणजे काय? घरटं उकरून पिल्लं दाखवा, असं सुचवणारे महाभागही असतात.

तिथे कुणी घरटं उकरत नाही, म्हणून मी वेळासला नमुन्याचं गाव मानते. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल, उद्या अर्धी माणसं आली तरी चालेल, पण कासवाचं वेळापत्रक गाव बदलणार नाही. पुढे शास्त्रज्ञांनाही या किनाऱ्याचा उपयोग झाला. 2022च्या जानेवारीत इथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचा असा माग काढण्याची ती सुरुवात होती. अंडी विकणाऱ्या किनाऱ्यापासून इथवरचा प्रवास वीस वर्षांचा आहे, आणि त्यातला बराचसा भाग महोत्सवाच्या फोटोंत कधीच न दिसणारा, पहाटेच्या फेरीचा आहे.

वेळास नकार देऊ शकलं याचं एक साधं कारण असं की गाव कासवांवर जगत नाही. आंबा, काजू, सुपारी, नारळ, आणि कोकणातल्या कुठल्याही घराप्रमाणे मुंबईहून येणारे पैसे, यांवर घर चालतं. महोत्सवाचे दोन-तीन महिने वरखर्चाला येतात. पर्यटन हा जोडधंदा राहिला तरच गावाला पेलतो, असं माझं मत पक्कं होत आलं होतं. मग 2020 आलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पाहुणे बंद झाले, आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचं झाड पुन्हा उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं लागतात. जोडधंदा आणि मूळ धंदा दोन्ही एकाच उन्हाळ्यात बसले. तेव्हा जोडधंद्याचं तत्त्व बरोबर असलं तरी ते विम्यासारखं बिनघोर नाही, एवढी पुरवणी मला माझ्या मताला जोडावी लागते.

कासची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. साताऱ्याजवळचं हे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर, जांभ्या कातळाचं. कातळावर बोटभर माती, आणि त्या मातीत पावसाळा सरता सरता फुलं: तेरडा, गेंद, सीतेची आसवं, कवला, आणि सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यांत कास आलं. पण गर्दी त्याच्या आधीच येऊन थडकली होती. फुलांवर गाड्या लावणं, फुलांत लोळून फोटो काढणं, खाऊची पाकिटं तिथेच टाकणं, सगळं झालं.

मग वन खात्याने आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे व्यवस्था सोपवली. प्रवेशशुल्क बसलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरली. वाहनतळापासून फुलांपर्यंतची सगळी कामं गावातली मुलं-मुली करू लागली: कुणी तिकीट फाडणारं, कुणी फुलांची माहिती सांगणारं, कुणी नुसती शिट्टी घेऊन उभं असणारं. शेतात पावसाळ्यात जेमतेम नाचणी-भात निघणाऱ्या गावांना दोन महिन्यांचा रोजगार मिळाला. कासला "आज जागा नाही" हे वाक्य संगणक म्हणतो, आणि संगणकाला भीड पडत नाही, हा मोठाच फायदा.

तरीही कासने आणखी एक धडा दिला, तो मला जास्त मोलाचा वाटतो. पर्यटकांना आवरायला पठाराभोवती तारेचं कुंपण घातलं, त्याबरोबर गुरांचं चरणंही थांबलं. काही वर्षांत जाणकार म्हणू लागले की फुलं कमी होताहेत. गुरं चरत होती तेव्हा उंच गवत आटोक्यात राहायचं आणि जमिनीलगतच्या बुटक्या फुलांना ऊन मिळायचं. गुरं गेली, गवत माजलं. म्हणजे पाहुण्यांसाठी जो निसर्ग आपण गावापासून तोडून काचेत ठेवायला निघालो, त्यात गावातल्या गुराख्याचाही हात होता. कुंपण असावं की नसावं यावर बराच वाद झाला. माझं म्हणणं एवढंच, की असा निर्णय घेताना त्या गुराख्याला बैठकीला बोलवावं. त्याला वनस्पतीचं लॅटिन नाव येत नसेल, पण कुठल्या सालात गवत किती वाढलं होतं हे तो सांगू शकतो.

काजव्यांबद्दल थोडं कडक लिहावं लागेल. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सरींनंतर, भंडारदरा-रतनवाडी-घाटघर पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लखलखतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. मादी झुडपातून किंवा गवतातून उत्तर देते, आणि हे सगळं उरकायला त्यांच्याकडे प्रौढपणाचे जेमतेम काही आठवडे असतात. बाकीचं सगळं आयुष्य अळीच्या रूपात ओल्या पालापाचोळ्यात गेलेलं असतं. आता कल्पना करा, याच रस्त्यावर शनिवारच्या रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, झाडाखाली पाचोळा तुडवत टॉर्च मारणारी माणसं, कुठेतरी गाणी. काजवा बघायला गेलेल्यांनीच काजव्याचं लग्न मोडायचा हा प्रकार आहे. रात्री गाड्या रोखण्याचे, झाडांपासून लांब राहण्याचे, आवाज न करण्याचे नियम झाले आहेत. पण नाक्यावर उभ्या असलेल्या गावातल्या दोन पोरांनी चाळीस गाड्या कशा अडवायच्या, हा प्रश्न कागदावर सुटत नाही.

त्याच अकोले तालुक्यात पुरुषवाडी आहे. महादेव कोळ्यांचं गाव. ग्रासरूट्स या मुंबईच्या उपक्रमाबरोबर त्यांनी दोन हजारच्या दशकाच्या मध्यापासून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. तिथली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे पाळी. आजचे पाहुणे या घरी जेवतील, उद्याचे त्या घरी. वाटाड्याही पाळीने. ज्याच्याकडे पाहुण्यांना ठेवण्याजोगी खोली नाही तो दुसरं काही करील, आणि पैशाचा एक भाग गावाच्या निधीत जाईल. ऐकायला अगदी साधं. पण ज्याने गावात पाण्याची पाळी सांभाळलेली बघितली आहे, त्याला कळेल की हे टिकवणं किती जिकिरीचं असतं. पाहुण्यांना आधीच्या वेळचंच घर हवं असतं, कारण "त्या ताईंच्या हातची भाकरी मस्त होती." इंटरनेटवर त्याच घराला तारे पडतात. आणि पाळी मोडली की दोन वर्षांत गावात एक हॉटेलवाला आणि वीस मजूर तयार होतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी, कारण गावातल्या पर्यटनावरच्या गोड लेखांत ती येत नाही. गाव म्हणजे एकसंध कुटुंब नव्हे. पाहुणे उतरतात ते ज्याचं घर मोठं, रस्त्यालगत, पक्क्या न्हाणीचं, त्याच्याकडे. वाडी-वस्तीवरच्या भूमिहीन घराकडे, गावकुसाबाहेरच्या घराकडे ते आपोआप जात नाहीत. शहरातून आलेला पाहुणाही "घरचे कोण?" हे आडून विचारतो, आणि ते कशासाठी विचारलं हे घरच्यांना कळतं. त्यामुळे "गावाला फायदा झाला" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठल्या आळीला? ज्यांच्याकडे देण्यासारखी खोली नाही त्यांच्याकडून मासळी, भाजी, कोंबडी, दूध घेतलं जातं का? होडी त्यांची असते का? रानवाट दाखवणारा त्यांचा असतो का? नीट विचार केलेल्या गावांनी याची काही ना काही सोय केलेली दिसते. बाकीच्या ठिकाणी आधीच वर असलेलं घर आणखी वर जातं, इतकंच.

आणि घराच्या आतलंही बघायला हवं. फोनवर बोलतो नवरा, गूगलवर नाव नवऱ्याचं, पैसे येतात त्याच्या खात्यावर. पहाटे चारला उठून पंधरा जणांचं पोहे-चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळची भजी, रात्रीचं जेवण आणि मधल्या वेळात चादरी धुणं हे बाईच्या वाट्याला. त्यातून शहरी पाहुण्याला हवी असते चुलीवरची भाकरी. ज्या बाईने धुराने डोळे चुरचुरवत निम्मं आयुष्य काढलं आणि आत्ता कुठे गॅस आला, तिने पाहुण्यांच्या हौसेसाठी पुन्हा चुलीपुढे बसायचं. तिची तयारी असेल आणि त्याचे वेगळे पैसे मिळत असतील तर माझी हरकत नाही. पण त्याला 'अस्सल गावाकडचा अनुभव' म्हणताना जरा तोंड आवरावं.

म्हणून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतल्या स्वामिनी बचत गटाबद्दल वाचताना मला विशेष बरं वाटतं. 2017 पासून या बायका स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना कांदळवनात फिरवतात. मोटर नाही, त्यामुळे बगळे-खंड्ये उडत नाहीत आणि बोलणंही ऐकू येतं. मासळीशी आयुष्यभर नातं असलेल्या या बायकांनी कांदळवनाच्या जाती, त्यांची श्वसनमुळं, चिखलातले खेकडे यांची माहिती पद्धतशीर शिकून घेतली. होडी गटाची, पैसा गटाचा, वेळापत्रक भरती-ओहोटीचं. पूर्वी ज्या तिवरांकडे सरपण म्हणून बघितलं जायचं, ती तोडणाऱ्याला आता या बायकाच हटकतात.

देशावर आलं की चित्र पालटतं, इथे बघायला समुद्र नाही, डोंगर नाही, आहे ते शेत. 2005च्या सुमारास बारामतीजवळ पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग मांडला, पुढे राज्यभर अनेक शेतकऱ्यांनी तो उचलला, आणि 2020 साली राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरणही आलं. या सगळ्यात मला सगळ्यात खरा वाटतो तो हुरडा. रब्बी ज्वारीचा दाणा चिकात आला की डिसेंबर-जानेवारीत हुरडा होतो. शेतात आगटी करायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि हिरवे कोवळे दाणे समोरच्याच्या तळहातावर ओतायचे. सोबत लसणाची, तिळाची, जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. पूर्वी हे विकायची कल्पनाच कुणाला सुचली नसती. हुरड्याला पाहुणे बोलवायचे असतात.

आता ते पैसे देऊन खायला लोक येतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्या पैशाने शेती बदलते ती शेतीच्याच अंगाने. हुरड्यालायक दाणा एका ताटावर फार तर आठ-दहा दिवस टिकतो, मग तो कडक होतो. दीड-दोन महिने पाहुणे घ्यायचे तर पेरणी टप्प्याटप्प्याने करावी लागते. सुरती, गुळभेंडी असली गोड, पण धान्य म्हणून बाजारात भाव न मिळणारी वाणं पुन्हा वावरात येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले उत्तरा', 'फुले मधुर' अशी वाणं दिली आहेत. कणसं काढल्यावर हिरवं ताट गुरांना मिळतं. काढणीला माणूस मिळत नाही म्हणून ज्वारी सोडून उसाकडे गेलेल्यांपैकी एखादा जरी या निमित्ताने दोन एकर ज्वारी ठेवू लागला, तरी जमिनीतल्या पाण्यावर त्याचे उपकार आहेत.

याच्या शेजारी, त्याच रस्त्यावर, 'कृषी पर्यटन केंद्र' अशी पाटी असलेली दुसरी जागा असते. आत तरणतलाव, कृत्रिम पाऊस, त्याखाली नाच, डीजे, प्लास्टिकचा बैल आणि बैलासोबत सेल्फी. कृषी कुठे आहे असं विचारलं तर कुंडीतली तुळस दाखवतील. दुष्काळी तालुक्यात बोअरचं पाणी उपसून कृत्रिम पाऊस पाडणाऱ्याला शेतकऱ्याच्या सवलती मिळू नयेत, असं मला वाटतं.

पाण्याचं म्हणाल तर सह्याद्रीतल्या गावांत हा विरोधाभास सगळीकडेच आहे. पावसाळ्यात तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस आणि एप्रिलमध्ये बायकांच्या डोक्यावर हंडे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पाहुणे नेमके याच दिवसांत येतात, आणि त्यांना शॉवर हवा असतो. ज्या गावांनी बादली आणि तांब्या हा नियम ठेवला आहे, त्यांचं कौतुक करावं.

सगळ्यात मोठी लूट मात्र पाहुण्याच्या कचऱ्याने किंवा शॉवरने होत नाही, ती सातबाऱ्यावर होते. गाव नावारूपाला आलं की पहिले येतात पर्यटक, आणि त्यांच्या मागोमाग एजंट. मुळशी, मावळ, अलिबाग इथे हे आपण बघितलं आहे: डोंगरउताराची, भाताची, वरकस जमीन एकरकमी पैशाला गेली, त्या पैशातून घर बांधलं, गाडी घेतली, लग्न लावलं, आणि पाच वर्षांनी तोच माणूस त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या फाटकाशी वॉचमन म्हणून उभा राहिला. त्या बंगल्यात उतरणाऱ्यांना आपण ग्रामीण पर्यटन करतोय असंच वाटतं. त्यांना गाव दिसतं, पण ते गावाचे पाहुणे राहिलेले नसतात. हे थांबवायला भावनिक आवाहनं पुरत नाहीत. ग्रामसभेने ठराव करावेत, घरगुती न्याहारी-निवासाला परवाना सुलभ मिळावा, बँकेने दोन खोल्या दुरुस्त करायला कर्ज द्यावं, म्हणजे जमीन विकण्याखेरीज पैसा उभा करायचा दुसरा रस्ता राहील. ज्याच्या नावावर जमीन उरली आहे, तोच पाहुण्याला नाही म्हणू शकतो.

भिलारबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं स्ट्रॉबेरीचं गाव, 2017च्या मे महिन्यात 'पुस्तकांचं गाव' झालं. घरांत, देवळांत, शाळेत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, कुणीही जाऊन वाचत बसावं. सरकारी योजना म्हणून सुरू झालेली गोष्ट एखाद्याच्या घराच्या पडवीत जिवंत राहते ती त्या घरच्या माणसामुळे. त्याला पुस्तकांत रस नसेल तर तिथे धूळ बसते, असेल तर चहाही मिळतो. असा उपक्रम आणखी गावांत नेताना घर निवडण्याआधी घरातली माणसं निवडावीत.

पुस्तक वाचून ज्यांना जावंसं वाटेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शक्य असेल तर आडवारी जा. शनिवारच्या गर्दीत तुम्ही गावावरचा ताण असता, मंगळवारी तुम्ही उत्पन्न असता. घासाघीस करू नका. शहरात कॉफीला जेवढे देता तेवढ्यात इथे जेवण मिळतंय, हे लक्षात ठेवा. पैसे देताना, शक्य तिथे, जिने स्वयंपाक केला तिच्या हातात द्या किंवा तिच्या खात्यावर टाका. कुणाच्या अंगणाचा, म्हाताऱ्या माणसाचा, भिंतीवरच्या वारली चित्राचा फोटो काढण्याआधी विचारा. नाचायला सांगू नका. तारपा सुगीनंतर वाजतो, तुमच्या जेवणानंतर नव्हे. आणलेलं प्लास्टिक परत न्या, कारण बहुतेक ग्रामपंचायतींकडे ते टाकायला जागाच नाही, त्यामुळे ते ओढ्यात जातं किंवा जाळलं जातं.

ज्यांना आपलं घर उघडायचं आहे, त्यांच्यासाठी या पुस्तकात हिशेब, परवाने, पाळी आणि गावनिधी यांवर प्रकरणं आहेत. ती आधी वाचा, फोटोंची पानं नंतर. मोसमाच्या आधी एकत्र बसून दर, पाहुण्यांची संख्या आणि बंदचे दिवस ठरवा. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत गावाने पाहुणे घेऊ नयेत, असं मी सुचवेन. पुष्कळ ठिकाणी हे आपोआपच घडतं, पण लिहून ठेवलेलं बरं.

दर आणि फोन नंबर मुद्दाम छापलेले नाहीत. दर गाव ठरवतं आणि दर वर्षी बदलतं. नंबर छापले की पहिल्या दोन घरांचा फोन वाजत राहतो आणि बाकीच्यांचा वाजत नाही. ग्रामपंचायतीत किंवा गावाच्या पर्यटन समितीकडे फोन करा. कासवांसाठी जाणार असाल तर तारीख पक्की करण्याआधी टोपल्या ठेवल्यात का, तेवढं विचारून घ्या.